पऱ्हाटीवाली उजी

उजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. फोन तिच्या धाकट्या भावाचा, गजाननचा. "रशीदाताई, उजीताई गेली..." एवढंच तो बोलला. मी व्हरांड्यात आले आणि हातातलं डस्टर सगळा जीव एकवटून समोरच्या भिंतीवर फेकून मारलं. उचललं, पुन्हा मारलं. शेवटी त्याचं लाकूड फुटलं. आत मुलं चिडीचूप झाली होती, कारण रशीदा मॅडम आवाजसुद्धा चढवत नाहीत हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वेळी मला रडू आलं नाही, राग आला. आणि तो नशिबावर नव्हता, सरळ उजीवर होता. आता काही आठवडे उलटून गेलेत. राग थोडा निवलाय, म्हणून लिहायला बसले आहे.

ती गेल्यावर बऱ्याच ठिकाणी छापून आलं की आपलं संशोधन वाचवायला म्हणून डॉ. उज्ज्वला जळत्या शेडमध्ये शिरल्या. वाचायला छान वाटतं. पण मी त्या दिवशी तिथं होते... उजी काही वाचवायला शिरली नव्हती. ती एका माणसाला मारायला शिरली होती. तिच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता आणि तोंडात इथे लिहिता येणार नाही अशी शिवी. लोकांना मेलेलं माणूस शांत हवं असतं, पण उजी एक दिवसही शांत नव्हती, आणि तिच्याबद्दल गोडगोड लिहिलं तर ते तिच्याबद्दल होणार नाही.

आमची गाठ पडली मेहकरला, अकरावीत. ती लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरची, शेतकऱ्याची मुलगी. मी त्याच तालुक्यातल्या बीबीची, पिंजाऱ्याची. माझे अब्बा गाद्या भरायचे. मुलींच्या वसतिगृहात आम्हाला एकच खोली मिळाली आणि पहिल्याच आठवड्यात तिचा हात कसा चालतो ते मी पाहिलं. बसस्टँडवर एका पोरानं माझी ओढणी खेचली. मी मान खाली घालून पुढे निघाले, कारण आम्हाला तेच शिकवलेलं होतं. मागे काहीतरी ठणकन वाजलं. वळून पाहते तर उजीच्या हातात पितळेचा डबा, डब्याला पोचा, आणि तो पोरगा तोंड धरून खाली बसलेला, बोटांतून रक्त गळतंय. प्राचार्यांनी बोलावलं. त्या पोराचा समोरचा दात पडला होता. माफी माग, असं सर म्हणाले, तर ही म्हणते कशी, "सर, त्याच्या बाजूचा बी हालून राह्यला. तो पाडला का मंग एकदमच माफी मागतो." स्वतःविषयी बोलतानाही ती कधीकधी पुरुषासारखं बोलायची, आणि पोरं एकमेकांना म्हणतात तसं मलाही पहिल्या दिवसापासून "बे" म्हणायची. "काऊन बे रशे, तुले हात नाई का?" खोलीवर परत आल्यावर तिनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्या रात्री डब्यातली भाजी आम्ही पोच्यातून खरवडून खाल्ली.

तिचा हा हात कुठून आला ते मला दिवाळीच्या सुट्टीत तिच्या घरी गेल्यावर कळलं. तिचे वडील मारायचे. दारू नव्हती, जुगार नव्हता. जेवायला वेळ झाला, बैल सुटला, ढग आले आणि पाऊस आला नाही, असं काहीही कारण पुरायचं. मारायला पऱ्हाटी घ्यायचे. कापूस वेचून झाल्यावर शेतात जी वाळकी झाडं उभी राहतात त्यांना आम्ही पऱ्हाटी म्हणतो. तिची सोललेली काडी हाताला हलकी असते, पण अंगावर बसली की चामडी वर येते. उजीच्या मायच्या दंडांवर असे वळ मी पाहिले. माय बोलायची नाही. मार बसताना नाही, नंतर नाही, शेजारणींपाशी नाही. अंघोळीच्या वेळी उजीनं स्वतःची पाठ मला दाखवली आणि म्हणाली, "पाह्य, हा माहा सातबारा." त्याच मुक्कामात, माझ्या डोळ्यांदेखत, तिनं बापाच्या हातातली काडी वरच्या वर पकडली. दोघांची झटापट झाली, पाण्याचा रांजण फुटला. तिनं काडी हिसकावली, गुडघ्यावर मोडली, आणि मग अर्धा तुकडा घेऊन बापाच्या खांद्यावर एक मारला. एकच. म्हातारा आत जाऊन झोपला आणि त्यानंतर त्या घरात मारहाण झाली नाही. उजीनं हातातला तुकडा चुलीत टाकला आणि मला म्हणाली, "रशे, लई बरं वाटलं बे. हे काई चांगलं नाई."

पुढे मी डी.एड. करून बीबीला शिक्षिका झाले, ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला औरंगाबादला गेली. घरातून पळायला म्हणून ती शिकली असं मला वाटायचं, पण ती फिरून फिरून आमच्याच तालुक्यात यायची, लोणारच्या तळ्यावर. त्या तळ्याचं पाणी इतकं खारं की जिभेला लावलं तर साबण चाटल्यासारखं होतं. काठाशी चिखल काळा, वास असा की डोळे चुरचुरावेत. उजी सलवार गुडघ्यापर्यंत खोचून त्यात उतरायची आणि बाटल्या भरभरून चिखल न्यायची. त्यातले जंतू वाढवून तिनं त्यांच्यातून एक एन्झाइम काढलं होतं, लाकडातला धागा सैल करणारं. मला तेव्हा त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकदा तिनं आमच्या ओसरीवर बसून समजावलं. "पऱ्हाटीचा धागा म्हंजे दोरखंड समज. दोरखंडात सूत, सुतात अजून बारीक सूत, असं करत करत आत जा. केसाचे हजार भाग केले त्याहून बारीक तंतू निघते. त्याले म्हणतेत नॅनोतंतू. तो लोखंडासारखा घट्ट रायते. पण बाहेर कसा काढशीन? नुसता दगडात रगडला तर मोटार जळते आन धागा तुटते. अ‍ॅसिडात टाकला तर पार चुरा. हे एन्झाइम काय करते, त्याच्या कमजोर जागा हुडकते आन तेवढ्याच ठिकाणी चावते. मंग त्याले मार कमी लागते." मी विचारलं, तळ्यातलेच जंतू कशाला? तर म्हणाली, पऱ्हाटी शिजवायला कॉस्टिक सोडा घालावा लागतो, किती धुतलं तरी लगद्यात खार उरतोच, बाजारातली नाजूक एन्झाइमं त्या खारात मरतात, आणि आपले लोणारचे तर जन्मलेच खारात. "आपल्यासारखे," असं म्हणून ती जोरात हसली आणि माझ्या पाठीत गुद्दा घातला. तिच्या प्रेमाचे गुद्देही दुखायचे.

ती औरंगाबादच्या एका कॉलेजात शिकवायला लागली त्याच सुमाराला इकडे सगळ्यांच्या शेतात बीटी कापूस आला. सुरुवातीला बोंडं अशी लागली की झाडं वाकायची. उजीच्या वडिलांनीही लावला, आणि ते पहिल्यांदाच हसताना दिसले असं माय सांगते. मग बोंडअळी परत आली, गुलाबी रंगाची, आतून खाणारी. ज्या वर्षी तिनं सगळं फस्त केलं ते वर्ष आमच्या भागात कोणी विसरणार नाही. बोंड वरून धडधाकट, फोडलं की आत काळी घाण आणि वळवळ. लोकांनी उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवले. बियाण्याची दुकानं फुटली. एका दुकानदाराला तर रस्त्यावर ओढून बियाण्याची रिकामी पाकिटं तोंडात कोंबून मारलं होतं. आणि नेमकी त्याच दिवसांत उजीला पऱ्हाटीचे नमुने हवे होते. अळी लागलेल्या झाडाचा धागा बिघडतो का, ते तिला बघायचं होतं. मी म्हटलं, जाऊ नको, लोक पेटलेत. ती म्हणाली, "मी काय कंपनीवाली हाव का?" आणि मलाच जीपमध्ये घालून घेऊन गेली.

सुलतानपूरच्या पुढच्या एका खेड्यात आम्ही बांधावर उतरलो. उजी झाडं उपटून, चिठ्ठ्या बांधून पोत्यात भरत होती. थोड्या वेळात पाच-सहा माणसं आली, मग तीस-चाळीस. कोणीतरी उठवलं होतं की कंपनीनं बाया पाठवल्या आहेत, पुरावा गोळा करून जाळायला. त्यात पुढे होता भगवान. तरणा, अंगानं मजबूत, डोळे रात्र रात्र न झोपल्यासारखे लाल. "पोतं खाली ठेव," तो म्हणाला. उजीनं नीट सांगितलं असतं तर... पण नीट सांगणं तिला येत होतं कुठे? "तुह्या बापाचं हाय का?" ती म्हणाली. पहिला दगड जीपच्या काचेवर बसला. ड्रायव्हरला खाली ओढून लाथा घातल्या. माझ्या अंगावर कोणी हात टाकला नाही; एका म्हातारीनं मला कवेत धरून बांधाआड दाबून ठेवलं होतं, आणि तिच्या काखेतून मी सगळं बघत होते. भगवाननं पोत्याला हात घातला तेव्हा उजीनं जीपमधला जॅकचा दांडा काढला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळकी पऱ्हाटी मोडते तसाच तो आवाज होता. त्यानंतर दगडांचा पाऊस पडला. एक तिच्या डाव्या डोळ्यावर बसला. ती पडली नाही. डोळ्यातून आणि नाकातून रक्त वाहत असताना ती दांडा फिरवत, एकेकाला शिव्या घालत, जीपला पाठ लावून उभी राहिली, पोलिसांची गाडी येईपर्यंत.

डोळा गेला. भगवानचं मनगट वाकडं जुळलं, त्याला पुन्हा नीट मूठ वळता आली नाही. दोघांनी एकमेकांवर केसेस घातल्या. कोर्टाच्या आवारात एका निंबाखाली एकच बाकडं होतं, आणि तारखेला दोघांनाही त्याच बाकड्यावर बसावं लागायचं. एकदा मी सोबत गेले होते. दोघं बाकड्याच्या दोन टोकांना बसले होते. मग भगवाननं विचारलं, "डोया दिसते का काई?"

"नाई."

"माही मूठ बी वळत नाई."

"मंग झालं बरोबर," उजी म्हणाली.

तो काही तरी आणखी बोलू बघत होता असं मला वाटलं. त्याची कपाशी पूर्ण गेली होती, आणि एका हातानं त्याला नांगर धरता येत नव्हता. पण उजी उठून झाडाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. समजुतीचा अर्ज देऊन दोन्ही केसेस मिटवा, असं दोन्ही वकील सांगत होते. आधी त्यानं माफी मागावी, असं ती म्हणायची. आधी बाईनं मागावी, असं तो. केसेस रेंगाळत राहिल्या.

वडील वारल्यावर उजीनं नोकरी सोडली आणि सुलतानपूरच्या शिवारात, रस्त्यालगतच्या त्यांच्या तुकड्यात, टिनाची शेड उभी केली. सगळ्यांनी वेड्यात काढलं, मीसुद्धा. पऱ्हाटी म्हणजे चुलीत घालायची वस्तू, नाहीतर बांधावर पेटवून द्यायची. तिचा लगदा करायचा, त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू काढायचे आणि ते कागदावर लेप द्यायला कारखान्याला विकायचे, हे कोणाच्या पचनी पडणार? पण ते झालं. गावातल्या बाया पऱ्हाटी तोडून द्यायच्या, ती सोड्यात शिजायची, धुवून पांढरी व्हायची, मग कोमट पाण्याच्या टाकीत एन्झाइम घालून ठेवायची, आणि शेवटी जात्यासारखे दोन दगड फिरणाऱ्या यंत्रातून काढायची. पहिल्या प्रयत्नांत दोन मोटारी जळाल्या. एकदा एन्झाइम जास्त वेळ राहिलं आणि धागेच गळून गेले. वेळेवर उकळी देऊन त्याला मारावं लागतं, नाहीतर ते थांबत नाही, खातच सुटतं. त्या दिवशी तिनं यंत्राला एवढ्या लाथा घातल्या की अंगठ्याचं नख निघालं. आणि मग एका सकाळी दगडांतून ते बाहेर आलं... तांदळाच्या खळीसारखं, दाट, दुधाळ, बोटानं उचललं तर थरथरणारं. शंभर भागांत दोनच भाग पऱ्हाटी, बाकी सगळं पाणी, तरी ताट उभं केलं तर सांडेना. तिनं ते कागदाच्या तुकड्यावर पातळ फासून वाळवलं आणि त्यावर गोडेतेल ओतलं. आम्ही कागद उलटा करून उन्हात धरला. पलीकडे तेलाचा टिपूससुद्धा नव्हता. माय, गजानन, मी, तोडणीच्या बाया, सगळे त्या कागदाभोवती उभे. उजी एका डोळ्यानं तो कागद बघत होती आणि रडत होती. आणि रडताना कोणी बघू नये म्हणून सगळ्यांना शिव्या देत होती.

दोन हंगाम चांगले गेले. आजूबाजूच्या खेड्यांतून पऱ्हाटीच्या गाड्या यायला लागल्या, जी जाळून टाकायचे तिची चार पैशांना किंमत झाली. उजी सगळ्यांची घ्यायची. एकाची सोडून. यंदा माघात भगवान बैलगाडी भरून घेऊन आला. डाव्या हातात कासरा, उजवा मांडीवर ठेवलेला. आला म्हणजे किती वेळा मनाशी लढून आला असेल. तो गाडी वजनकाट्याकडे वळवत होता तेवढ्यात उजी बाहेर आली. "तुही पऱ्हाटी मले नको."

"काऊन? सगळ्यायची घेऊन राह्यली."

"सगळ्यायनं माहा डोया नाई फोडला."

चार लोक बघत होते. कोणी तरी हसलं. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, अगं, तो आपणहून आलाय, याहून मोठी माफी कोणती असते? तर म्हणाली, "तोंडानं माग म्हणा. मी बी मागीन." ती खरंच मागणार होती, हे मला माहीत आहे, तिला माहीत होतं. पण हे भगवानला कोण सांगणार? त्याला गाडी वळवायला जागा नव्हती. भरलेली गाडी उलटी न्यायची, बैल बिथरलेले, वाकडा हात... हसणाऱ्या लोकांसमोर ती मागे घ्यायला त्याला बराच वेळ लागला. उजी तेवढा वेळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

त्यानंतरच्या एका रविवारी, दुपार कलताना, मी शेडवर उजीबरोबर चहा घेत होते. वारा सुटला होता. बाया सुट्टीवर, गजानन मायला घेऊन गावात गेलेला. आधी तडतड ऐकू आली, फटाके वाजावेत तशी. बाहेर आलो तर शेडमागची पऱ्हाटीची गंजी, घराएवढी उंच, एका अंगानं पेटलेली, आणि गंजी नि शेड यांच्या मधल्या बोळीत भगवान. दारू प्यायला होता. वाऱ्याकडच्या बाजूनं काडी लावून मागच्या कुंपणावरून निसटायचा त्याचा बेत असावा, पण काटेरी तारेत पाय अडकला होता आणि आग त्याच्यावर वळली होती. उजीनं कुऱ्हाडीचा दांडा उचलला. मी तिचा हात धरला तर तिनं मला असं ढकललं की मी पाण्याच्या टाकीवर आपटले. कोपरावर त्याची खूण अजून आहे. "सोड बे! आज त्याले जित्ता नाई सोडत!" हे तिचे शब्द. मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

ती बोळीत घुसली. मला धुरातून जेवढं दिसलं ते असं: तिनं दांडा वर उचलला आणि मारला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मला वाटलं तिनं त्याचं डोकं फोडलं. मग कळलं, ती कुंपणाच्या खांबाला मारते आहे, तार सैल करायला. तेवढ्यात शेडच्या आत लगदा पांढरा करायच्या ब्लिचिंग पावडरच्या पिशव्या पेटल्या. पिवळट, गळा कापणारा धूर बोळीत भरला, वरचं टिन कोसळलं. मी ओरडत होते, बादलीनं पाणी फेकत होते, पण उष्णता अशी की पाणी पोचण्याआधी माझ्याच भुवया जळाल्या. मग ती बाहेर आली. पाठमोरी, वाकलेली, भगवानला कॉलर धरून फरफटत ओढत. त्याच्या पायाची चामडी तारेवर राहिली होती. तिचे केस पेटलेले होते. मी तिच्या अंगावर पोतं टाकलं, दाबलं. तिनं ते भिरकावलं, भगवानच्या छातीवर गुडघा ठेवला आणि त्याच्या दोन्ही गालांवर अशा थपडा घातल्या की जळलेल्या तळव्याचं रक्त त्याच्या तोंडाला लागलं. "मर ना आता! मर ना बे!" असं म्हणत ती त्याला मारत होती आणि तो "माय, माय" करत रडत होता. मग तिला खोकला आला. खोकत खोकत ती त्याच्याच बाजूला आडवी झाली.

तिचे हात आणि पाठ भाजली होती, पण घात केला धुरानं; फुप्फुसं आतून जळाली होती. औरंगाबादच्या दवाखान्यात काही दिवस ती नर्सशी भांडण्याइतकी बरी होती. मला एकदा खुणेनं जवळ बोलावून विचारलं, "टाकीतल्या मालाले उकळी देली का?" मी हो म्हटलं. खोटंच सांगितलं, आगीनंतर टाकीकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. नंतर गजाननने झाकण काढलं तेव्हा आत लगदा नव्हताच, पातळ आंबूस पाणी होतं, आणि कडेनं मुंग्या.

जबाब घ्यायला नायब तहसीलदार आले त्या दिवशी मी बाहेर बसले होते. दार अर्धं उघडं होतं. त्याआधी गावातून दोन तऱ्हेचे लोक येऊन गेले होते. काही म्हणाले, ताई, त्याचं नाव ठणकावून सांग, जन्मठेप होऊ दे. काही म्हणाले, लेकरंबाळं आहेत त्याला, आग कशी लागली ठाऊक नाही म्हण, पुण्य लागेल. तिनं दोघांचं डोळा मिटून ऐकलं होतं. साहेबांनी विचारलं, आग कोणी लावली? "भगवाननं," ती म्हणाली. स्वतः पाहिलं का? "हाव." मग दम घेत, थांबत थांबत म्हणाली, "मी त्याची गाडी वापस केली होती... लोकायसमोर. ते बी लिहा." साहेब म्हणाले, बाई, त्याची गरज नाही. तेव्हा तिचा तो जुना आवाज निघाला, फाटका, पण तोच. "त्यानं आग लावली. मीच त्याले बाहेर काढला. मारायले गेली होती, काढून आणला. सगळं लिहा. अर्धं लिहिलं त मी अंगठा देत नाई." त्यांनी लिहिलं. अंगठ्याला पट्टी होती, म्हणून पायाचा घेतला. भगवान आता तुरुंगात आहे. जे घडलं त्यात कोणाचा किती वाटा, हे मला ठरवता येत नाही, आणि मी ठरवणारही नाही. पण तो जिवंत आहे आणि ती नाही, हे मला अजून गिळता येत नाही.

मागच्या रविवारी सुलतानपूरला गेले होते. शेडचे वाकडे पत्रे गजाननने एका बाजूला रचून ठेवलेत. पुढे काय करायचं ते त्याला कळत नाही. औरंगाबादहून उजीच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी येणार आहे, राहिलेलं काम घेऊन जायला. ते राहिलेलं काम म्हणजे उजीच्या खोलीतला एक जुना फ्रिज. त्यात बारीक काचनळ्या आहेत, बूच लावलेल्या, प्रत्येकीत तळ्यातले जंतू, वर्षानुवर्षं निवडून निवडून जपलेले. माय त्यात दूध ठेवू देत नाही, पाणी ठेवू देत नाही. दार उघडलं तर लगेच लावायला लावते. मी गेले तेव्हा ती खोलीत खाली बसली होती, फ्रिजला पाठ टेकून, आणि सकाळपासून लाइट गेलेली होती. उन्हाचा कडाका. गजानन म्हणाला, फॉल्ट मोठा आहे, संध्याकाळशिवाय येणार नाही म्हणतात. माय उठली. ओल्या चादरी आणून फ्रिजला गुंडाळल्या. मग गजाननच्या हातातून फोन घेतला.

"लाइटवाल्यायचा नंबर लावून दे," ती म्हणाली.

मी मायला आयुष्यात मोठ्यानं बोलताना ऐकलेलं नव्हतं. पलीकडे कोणी तरी काही तरी सांगायला सुरुवात केली असावी. मायनं त्याला अर्ध्यात तोडलं. "ए बाबू! ऐक! माह्या पोरीचे जंतू मरून राह्यले आतमधी. संध्याकाळ-बिंध्याकाळ मले सांगू नको. येऊ का तिथं? येऊ? काठी घेऊन येतो, तुह्या हापिसाच्या काचा फोडतो..." तिचा पदर डोक्यावरून खाली आला होता, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, आणि मोकळा हात हवेत असा उगारलेला की पलीकडचा माणूस समोर असता तर वाचला नसता. गजानन माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. पुढे काय काय बोलली ते इथे लिहिता येणार नाही.

थोड्या वेळानं वरचा बल्ब लागला. चादरीखाली फ्रिज घरघरला. मायचं तिकडे लक्षच नव्हतं. ती बोलतच होती.